सी बाकी

व्हायोलाच्या चारही तारा एकदम काढायच्या नसतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. १९८८चा जून होता. बँकेत लागून पाच महिने झाले होते. साठवलेल्या पगारातून एक जुना व्हायोला घेतला होता आणि ताज्या पगारातून तारांचा नवा सेट. रविवारी जेवणं उरकल्यावर सतरंजी पसरून बसलो, खुंट्या सैल केल्या आणि चारही तारा उतरवून ठेवल्या. घोडी आडवी झाली. ती नुसती तारांच्या दाबाने उभी असते एवढं ठाऊक होतं, त्यामुळे काही वाटलं नाही. मग धूळ पुसायला म्हणून वाद्य उचललं, तर आत काहीतरी गडगडलं. कंपासपेटीत पेन्सिलीचं थोटूक गडगडावं तसं. भोकाला डोळा लावून पाहिलं, तर लाकडाची एक कांडी तळाशी लोळत होती.

आई म्हणाली, "मागच्या मास्तरांकडे घेऊन जा. ते तसलंच काहीतरी वाजवतात ना?"

चिराबाजारातली आमची चाळ. मागच्या खिडकीतून क्यावेलमधलं एक दुमजली घर दिसायचं. लाकडी जिना, कठड्यावर तुळशीच्या जागी क्रोटनच्या कुंड्या. तिथे राहणारे मास्तर सिनेमाच्या गाण्यांत वाजवतात, एवढी माहिती सगळ्या चाळीला होती. मी गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. गोव्याच्या माणसाची रविवारची झोप मोडणं हा केवढा गुन्हा आहे, हे मला पुढे कळलं. ते बनियनवर बाहेर आले, काही न बोलता वाद्य हातात घेतलं, कानाशी धरून एकदाच हलवलं आणि म्हणाले, "आल्म पडला."

आल्म म्हणजे पोर्तुगीजमधला आत्मा. घोडीच्या उजव्या पायाच्या किंचित मागे, वरच्या आणि खालच्या पाटीच्या मध्ये ती कांडी उभी असते. डिंक नाही, खिळा नाही, नुसती दाबून बसवलेली. तारांचा दाब गेला की सुटते. इटालियनमध्ये आणि फ्रेंचमध्येही तिचं नाव आत्माच आहे. इंग्रजांनी मात्र तिला खांब म्हटलं. आमच्या आजीच्या तंबोऱ्यात तारेखाली रेशमाचा दोरा सरकवलेला असे, त्याला आजी जीव म्हणायची. हे मी मास्तरांना, म्हणजे पुढे माझ्या अंकलना, सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

त्यांच्या बायकोने, आंटीने, टॉर्च धरला. अंकलनी इंग्रजी एससारखी वाकवलेली एक पोलादी सळई काढली, तिच्या टोकावर कांडी टोचली, भोकातून आत घातली आणि ती उभी करायला लागले. पाच वेळा पडली. सहाव्यांदा उभी राहिली, पण तिरकी. चाळीसेक मिनिटं दोघांपैकी कुणी बोललं नाही. आंटी मधे हात बदलायची तेवढंच. मी चहाच्या कपाकडे बघत बसलो होतो आणि मला सारखं वाटत होतं, की आता हे किती पैसे मागतील.

पैसे मागितले नाहीत. मी नेलेला सेट उघडून मात्र हसले. दुकानात मला सांगितलं होतं, व्हायोला म्हणजे व्हायोला, साईज एकच. तसं नसतं. व्हायोलिन सगळ्या जगात साधारण १४ इंचांचं, पण व्हायोला १५ इंचांपासून १७ इंचांपर्यंत कसाही भेटतो. माझा होता साडेपंधरा. तारा होत्या मोठ्या मापाच्या. तारेच्या टोकाला रंगीत रेशीम गुंडाळलेलं असतं, खुंटीवर तेवढंच वळवायचं. लांब तार लहान वाद्यावर चढवली, तर तिच्यावरची धातूची पट्टी खुंटीवर वळते आणि चार दिवसांत उसवते. अंकलनी चारही तारा परत पाकिटात घातल्या, पाकीट माझ्या खिशात कोंबलं आणि कपाटावरून बिस्किटांचा एक गोल डबा काढला.

त्या डब्यात तारांची वेटोळी होती. काही कोरी, बरीचशी वापरलेली. पाकिटांवर पेन्सिलीने तारखा. त्यांनी एक तार काढली, जाड, चंदेरी. "ही सी. रुप्याची. बाकीच्यो तीन मागीर पळोवया."

त्या सीने माझा व्हायोला पहिल्यांदा बोलला. त्याआधी तो खालच्या सुरात नुसता खाकरायचा.

यात तारेचा दोष थोडा आणि वाद्याचा जास्त, हे अंकलनी पुढच्या काही रविवारांत समजावलं. व्हायोलाच्या चार तारा म्हणजे ए, डी, जी, सी, व्हायोलिनपेक्षा एक पंचम खाली. सूर तेवढा खाली न्यायचा, तर पेटीही त्या हिशोबाने दीडपट मोठी हवी, म्हणजे २१ इंच. एवढं वाद्य हनुवटीखाली धरून वाजवणारा हात देवाने अजून केला नाही. मग पेटी लहानच ठेवायची आणि जे पेटीला जमत नाही ते तारेकडून करून घ्यायचं. सूर उतरवायला तीनच वाटा आहेत. तार लांब करा, ढिली करा, नाहीतर जड करा. लांबी हाताने बांधलेली. ढिली केली, तर बो लागताच लडबडते. उरलं वजन. साधी तात जाड करत गेलं, तर सीच्या जागी दोरखंड लागेल, म्हणून आतल्या गाभ्यावर धातू गुंडाळतात. ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीनपट जड, चांदी साडेदहापट, टंगस्टन एकोणीसपट. धातू जितका जड तितकी तार बारीक राहते आणि बोटाला नि बोला लवकर उत्तर देते. सोनाराच्या गल्लीत वाढलेल्या मला हे पटकन कळलं. सीला चांदी का आणि एला ॲल्युमिनियम का, याचा हिशोब वजनाचा होता, किमतीचा नव्हे.

गाभ्याची गोष्ट वेगळी. जुन्या काळी मेंढीच्या आतड्याची तात असे, आपल्याकडे पिंजाऱ्याच्या धनुकलीला लावतात तशीच. अंकल तिच्यावर जीव टाकायचे. पिरास्त्रोची युडोक्सा नावाची एक तातेची तार त्यांच्या डब्यात होती, ती डिसेंबरात चढवायचे आणि फेब्रुवारीत उतरवायचे. मुंबईच्या जुलैत तात भिजल्या वातीसारखी होते, सूर ठरतच नाही. १९७० साली व्हिएन्नाच्या थॉमास्टिकने डॉमिनंट काढली, आत नायलॉनच्या जातीचा गाभा. आवाजात तातेचा ओलावा थोडा राहिला आणि पावसाची भीती गेली. आमच्या आजीने विचारलं होतं, तार कशाची आहे रे? मी म्हटलं, नायलॉनची. मगच माझा व्हायोला देवाच्या खोलीत ठेवायची परवानगी मिळाली. (डिसेंबरमध्ये अंकलनी हौसेने माझ्या वाद्यावर दोन महिने तातेची जी चढवली होती. ती आजीला कधी कळली नाही.)

मला एकाच कंपनीचा सगळ्यात महाग सेट घ्यायचा होता. अंकल म्हणायचे, सेट दुकानदारासाठी असतो. व्हायोलाची ए जात्याच नाकातून बोलते. तिला डॅनिश यार्गरची पोलादी तार लावली, की तिचं नाक जरा मोकळं होतं. मधल्या दोघी डॉमिनंटच्या. सी स्पायरोकोर. ही माझ्या वाद्याची जोडणी. शेजारच्या माणसाच्या वाद्याला ती चालेलच असं नाही, आणि पुष्कळदा चालत नाहीच. जास्त ताणाची तार लावली म्हणून आवाज मोठा होतो असंही नाही. चारही तारांचा मिळून वीस किलोंहून अधिक ताण असतो आणि त्यातला काही भार घोडीवाटे त्या पातळ पाटीवर बसत असतो. एका हद्दीपर्यंत आवाज वाढतो, त्यापुढे पाटीचा गळा आवळला जातो. माझ्या व्हायोलाची ती हद्द लवकर येत होती. म्हणून त्याला त्यांनी हलक्याच तारा लावल्या आणि मला वाटत राहिलं, की अंकल आपल्याला नवशिक्या समजतात.

ही जोडणी ठरायला चार महिने लागले. ते चार महिने म्हणजे माझं देणं.

पद्धत अशी. मी खोलीत उभा राहून वाजवायचं. अंकल सामायिक गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला, संडासांच्या पुढे, मोडक्या खुर्चीवर पाठ करून बसायचे. "आयक, पुता. वाजयतल्याक कांय आयकूंक येना." वाजवणाऱ्याला काही ऐकू येत नाही. वाद्य जबड्याशी, कान त्याच्यावर टेकलेला. तिथे जी तार गोड लागते, ती दहा पावलांवर पोचतच नाही. आणि जी कानाशी खरखरते, ती लांबवर मऊ होऊन जाते. म्हणून निवाडा दुसऱ्याच्या कानाने करायचा. सूर एकच, बो तोच, तार बदललेली. एकदा ही, एकदा ती. मग खुर्चीतून आवाज यायचा, "पयली." किंवा नुसताच हात वर. कधी त्यांचं स्वतःचं ठरेना, तर जो सापडेल त्याला विचारायचे. लसूण सोलणाऱ्या आंटीला, कुत्रं फिरवणाऱ्या मुलाला, संध्याकाळच्या पाववाल्याला. पाववाला सायकल जिन्याखाली लावून वर आलेला, टोपली डोक्यावर तशीच. त्याने दोन्ही तारा ऐकल्या आणि सांगितलं, "दुसरीवाली में गला बैठा है." अंकलनी ती डी त्याच क्षणी उतरवली. मी हुज्जत घातली, पाववाल्याला काय कळतं म्हणून. ते म्हणाले, रेकॉर्ड ऐकणारे सगळे पाववालेच असतात.

आठवड्याचा एकच मोकळा दिवस, त्याची दुपार एका परक्या पोरासाठी गॅलरीत पाठ करून बसायचं. तेव्हा त्यांची कामं कमी होत चालली होती, त्यामुळे वेळ होता, असं मी बरीच वर्षं धरून चाललो. आता माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाला आलंय. वेळ असणं आणि तो देणं यांतला फरक मला कळतो.

गोव्यातल्या सासष्टीत, एका चर्चच्या शाळेत, मेस्त म्हणजे संगीताच्या मास्तरांकडून ते सोल्फ आणि व्हायोलिन शिकले होते. पन्नासच्या दशकात मुंबईला आले, तेव्हा धोबीतलावला जेर महालात गावच्या कुडीत, म्हणजे गाववाल्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, खाट मिळाली आणि खाली फुर्टाडोजची काच. व्हायोलिनवाल्यांची रांग मोठी होती, व्हायोलाला माणसं नव्हती, म्हणून त्यांनी वाद्य बदललं. गंमत अशी, की पोर्तुगीजमध्ये व्हायोला म्हणजे गिटारच्या जातीचं वाद्य. त्यांच्या आईची समजूत शेवटपर्यंत तीच होती, की मुलगा मुंबईत गिटार वाजवतो. १९५८ साली अँथनी गोन्साल्विसनी इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात ते मागच्या स्टँडला होते. मग ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचं फेमस, वांद्र्याचं महबूब. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत सेबॅस्टियन डिसूझा व्हायोलिनांच्या लाटा उठवायचे, त्या लाटांखालचं पाणी म्हणजे अंकल आणि त्यांच्यासारखे दोन-चार. त्या गाण्यांत व्हायोला कुठे आहे, हे मला अजूनही सांगता येत नाही. काढून टाकला तर काय जाईल, ते मात्र येतं.

आणि परदेशी तारा तेव्हा मिळायच्या कुठे? आयातीवर बंधनं, दुकानात आलं तर आलं. अंकलच्या डब्यातल्या बहुतेक तारा बोटीवरून आलेल्या. गोव्यात बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात. तार नव्हे, तारू. कुडीतल्या दर दुसऱ्या खाटेवरचा माणूस तारवटी. हँबर्गला बोट लागली, की कुणी परफ्यूम आणी, कुणी रेझर, आणि एखादा चिठ्ठीवर लिहून दिलेली तार. चिठ्ठीत लांबी, ताण हलका की मध्यम, टोकाला गोळी की फास, सगळं पोर्तुगीज वळणाच्या अक्षरांत. तरी तीनातली एक चुकीची यायची. चुकीची तारही ते टाकत नसत. डब्यात जायची. ती कुणाला तरी बरोबर असणार, हा त्यांचा विश्वास. माझी सी अशीच, त्यांच्या वाद्याला चुकीची आलेली.

पैसे द्यायला मी महिन्याभराने गेलो. किंमत सांगेनात. मग डब्याखालून एक वही काढली, लाल पुठ्ठ्याची. कुणाला कोणती तार दिली, कधी. एक पान माझं. "जून ८८. सी, रुपें. बाकी." मी म्हटलं, अंकल, ही बाकी तरी कमी करून टाकतो. त्यांनी वही मिटली. "आसूं दी. बाकी आसल्यार मनीस परतून येता."

परतून गेलो. चोवीस वर्षं जात राहिलो. एकदा सोडून.

ते एकदा असं. १९९५च्या सुमाराला आम्हा पाच-सहा हौशी लोकांना मोझार्टची सिन्फोनिया कन्सर्टांटे वाजवायची खुमखुमी आली. १७७९ सालची रचना, व्हायोलिन आणि व्हायोला बरोबरीने पुढे. मोझार्टने व्हायोलाचे कागद अर्धा सूर खाली लिहिले आहेत, म्हणजे वाजवणाऱ्याने चारही तारा अर्धा सूर चढवून घ्यायच्या. आवाज उजळतो आणि व्हायोलिनपुढे दबत नाही. हल्ली बहुतेकजण तसं करत नाहीत, साध्या सुरात वाजवतात. मी करायचं ठरवलं. अंकल म्हणाले, मोझार्टच्या वेळी तारा तातेच्या होत्या आणि सूरही आजच्याहून खालचा होता. अर्धा सूर म्हणजे ताण बारा टक्के वाढला. तुझ्या वाद्याला तो झेपायचा नाही. मी ऐकलं नाही. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री ए तुटली आणि वरच्या पाटीला कडेची एक शिवण सुटली. तीन आठवडे मी क्यावेलकडे फिरकलो नाही. शेवटी आंटीनेच आईकडे निरोप दिला, की सरस भिजत घातलाय, ते लाकूड घेऊन ये. अंकल त्या दिवशी मोझार्टबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. त्यांनी रागावायला हवं होतं असं मला अजून वाटतं.

२००३-०४च्या आसपास त्यांना ए ऐकू येईनाशी झाली. वाद्य आयुष्यभर डाव्या कानाशी, तोच कान आधी गेला. वरचे सूर आधी गेले, मग माणसांचं बोलणं. एनसीपीएत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाल्यावर मी त्यांना एका कार्यक्रमाला नेलं. पूर्ण वेळ ते व्हायोलांच्या बोकडे बघत बसले होते. मध्यंतरात मला म्हणाले, तिसऱ्या स्टँडच्या आतल्या बाजूच्या पोरीची सी मेलीय, ती जास्त बो खर्च करतेय. ऐकू न येता.

मग आमची उलटापालट झाली. तारा आता ऑनलाइन घरपोच यायच्या, लांबी बरोब्बर. चिठ्ठीची गरज उरली नव्हती. त्यांच्या वाद्यासाठी मी दोन-दोन आणायचो. वाजवायचे ते. गॅलरीत पाठ करून बसायचो मी. पण ते माझ्या हाताकडे बघतच नसत. हनुवटीची पट्टी काढून टाकली होती, जबड्याचं हाड थेट लाकडावर टेकवलेलं, डोळे मिटलेले. मोकळी सी ओढायचे, ती विरेपर्यंत तसेच थांबायचे. मी "दुसरी" म्हणून हात वर करायचो आणि आत गेलो, की त्यांनी आधीच दुसरी ठेवलेली असायची. पाच-सहा वेळा असं झालं. एकदा मात्र आमचं जुळलं नाही. मी म्हणत होतो पहिली. त्यांनी माझं ऐकून पहिली लावली. आठवड्याने गेलो, तर दुसरी चढलेली होती. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

२०१२च्या पावसाळ्यात ते गेले. आंटी आधीच गेली होती. मुलगी टोरांटोला. ती आली, घर रिकामं केलं आणि जाताना व्हायोला माझ्याकडे ठेवून गेली. विकायचा होता, गिऱ्हाईक मी बघायचं, पण त्याआधी तारा नव्या घालून द्यायच्या. केसच्या खणात लाल पुठ्ठ्याची वही होती. मुद्दाम ठेवली होती की राहून गेली, कोण जाणे.

बाकीच्या तिन्ही तारा चढवल्या, एका वेळी एक, घोडी सरळ आहे का बघत बघत, खाचांत पेन्सिलीचं शिसं घासून. सीसाठी दोन आणल्या होत्या. एक टंगस्टनची. दुसरी रुप्याची, १९८८ साली अंकलनी दिलेली होती अगदी तसलीच. खरं सांगायचं, तर रुप्याचीच चढवायचं ठरवूनच आणली होती. टंगस्टनची नावाला. त्यांच्या वाद्यावर त्यांची सी परत जाईल, मग वहीतली ती ओळ खोडू, असा सगळा बेत मनात.

पण पद्धत ती पद्धत. तोवर आम्ही डोंबिवलीला राहायला गेलो होतो. तिथे आमच्या इमारतीत संध्याकाळी गॅलरीत बसायला कोण मिळणार? बायको बाहेर गेलेली. शेवटी वॉचमनला बोलावलं. त्याला दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभं केलं, आणि मी दार उघडं ठेवून आत. रुप्याची सी वाजवली. मग ती उतरवून टंगस्टनची चढवली, पाच मिनिटं सूर बसेना, तो बिचारा उभाच. तीही वाजवली, तोच तुकडा. बाहेर येऊन विचारलं, "कुठली?"

"दुसरी," तो म्हणाला.

"का रे?"

"पहिलीच्या वेळी मला खालच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येत होत्या, साहेब. दुसरीच्या वेळी मोजायच्या राहिल्या."

रुप्याची सी गुंडाळून पाकिटात घातली. पाकिटावर पेन्सिलीने तारीख टाकली आणि वहीत, त्या पानावर, ठेवून दिली.